दहा लाइक म्हणजे किती तास? लोकप्रिय आणि ताज्या पोस्टी एकाच लिस्टमध्ये लावायची रीत

पोस्टींची लिस्ट दाखवायची म्हटलं की पहिल्या दिवशी सगळे डेटाबेसला एकच क्वेरी (म्हणजे मागणी) लिहितात, ऑर्डर बाय (म्हणजे क्रम लावा) तारीख, उलट्या क्रमाने, विषय संपला. पोस्टी कमी असतात तोवर हे छानच चालतं. मग गर्दी वाढते आणि कोणीतरी तासभर बसून लिहिलेली चांगली पोस्ट वीस मिनिटांत दुसऱ्या पानावर जाते, कारण मधल्या वेळात पंधरा जणांनी "टेस्ट", "कोणी आहे का" असलं काहीबाही टाकलेलं असतं. मग आपण डोकं लढवून ऑर्डर बाय लाइक्स करतो, आणि ते तर आणखीच वाईट निघतं. जी पोस्ट एकदा वर चढली ती वर आहे म्हणून दिसते, दिसते म्हणून लाइक मिळतात, लाइक मिळतात म्हणून वरच बसते, आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसालाही पहिली तीच दिसते.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवायच्या आहेत, किती लोकांना आवडली आणि किती जुनी झाली. खाली मी जे वापरते ते सगळं सांगते. गणित दहावीच्या पुढचं नाही, पण खड्डे भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत मी स्वतः पडून आले आहे.

आधी सोपा उपाय, कारण बऱ्याच लोकांचं काम त्यातच होतं. गेल्या सात दिवसांतल्याच पोस्टी घ्यायच्या आणि त्या लाइक्सप्रमाणे लावायच्या. एक व्हेअर (म्हणजे गाळायची अट), एक ऑर्डर बाय, संपलं. वर "या आठवड्यातल्या गाजलेल्या" असं लिहिलं की वाचणाऱ्यालाही कळतं काय बघतोय ते. तोटा इतकाच की कड फार धारदार असते. सहा दिवस तेवीस तास झालेली पोस्ट पहिल्या नंबरवर असते आणि तासाभराने ती लिस्टमधूनच गायब. शिवाय आज सकाळी आलेल्या पोस्टला सहा दिवस लाइक गोळा करत बसलेल्या पोस्टशी टक्कर द्यायची असते, त्यामुळे लिस्ट नेहमी थोडी शिळी वाटते. पण साइट छोटी असेल तर इथेच थांबा, खरंच सांगते, पुढचं सगळं नंतर कधीही करता येतं.

दुसरा उपाय जो प्रत्येकाला आपोआप सुचतो तो म्हणजे लाइक्स भागिले तास. हा करू नका. पोस्ट टाकल्यावर एका मिनिटात एक लाइक आला तर ताशी साठ लाइक्सचा वेग होतो, म्हणजे मित्राला फोन करून "लाइक कर रे" म्हटलं की पोस्ट थेट वर. आणि वय शून्य असताना शून्याने भागाकार, तो वेगळाच.

हॅकर न्यूजवालं सूत्र

याच भागाकाराची सुधारलेली आवृत्ती हॅकर न्यूजच्या सूत्रात आहे. लोक तंत्रज्ञानाच्या लिंक टाकतात आणि मतं देतात अशी ही साइट २००७ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी सुरू केली आणि तिचं सूत्र साधारण असं सांगितलं जातं:

स्कोअर = (लाइक्स − १) ÷ (तास + २)^१.८

एक वजा केलाय तो पोस्ट टाकणाऱ्याचा स्वतःचा लाइक. दोन मिळवलेत म्हणजे वय शून्य असलं तरी खाली शून्य येत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांतल्या लाइक्सना अवाजवी भाव मिळत नाही. आणि तो १.८ घात, त्याला ग्रॅव्हिटी म्हणतात, पोस्ट किती जोरात खाली ओढायची ते त्याच्यावर ठरतं. खऱ्या साइटवर याच्या जोडीला आणखी बरेच दंड लावलेले आहेत, पण पाया हाच.

नुसतं सूत्र बघून अंदाज येत नाही म्हणून तीन पोस्टी घेऊन हाताने करून बघू. पोस्ट अ, १० तास जुनी, ५१ लाइक्स. पोस्ट ब, १ तास जुनी, ६ लाइक्स. पोस्ट क, ४८ तास जुनी, ३०१ लाइक्स.

अ साठी वर ५०, खाली १२ चा १.८ घात म्हणजे साधारण ८७.६, स्कोअर ०.५७. ब साठी वर ५, खाली ३ चा १.८ घात म्हणजे ७.२२, स्कोअर ०.६९. क साठी वर ३००, खाली ५० चा १.८ घात म्हणजे ११४३ च्या आसपास, स्कोअर ०.२६. म्हणजे क्रम ब, अ, क. सहा लाइकवाली पोस्ट तीनशेवालीच्या वर, आणि ते बरोबरच आहे, तासाभरात सहा जणांना आवडली म्हणजे काहीतरी असेल, बघू द्या लोकांना.

आता समजा पुढचे नऊ तास कोणालाच एकही लाइक आला नाही. ब दहा तासांची झाली, स्कोअर ०.०५७. अ एकोणीस तासांची, ०.२०८. क सत्तावन्न तासांची, ०.१९५. आता क्रम अ, क, ब. ब ला संधी मिळाली, तिने ती घेतली नाही, ती तळाला गेली. एका फूटपट्टीने हे सगळं आपोआप होतंय, मध्ये कोणी माणूस बसलेला नाही.

ग्रॅव्हिटी १.८ ऐवजी १.२ करून सुरुवातीचे तेच आकडे परत टाका. क ला २.७४, अ ला २.५३, ब ला १.३४. क्रम पूर्ण उलटा, दोन दिवस जुनी पोस्ट पहिली. म्हणून हा एक आकडा दुसऱ्याच्या साइटवरून उचलून आणू नका. जिथे दिवसाला हजारो लोक पोस्ट टाकतात तिथला १.८ तुमच्या दिवसाला आठ पोस्टींच्या साइटवर लावला तर दुपारी आलेली चांगली पोस्ट रात्रीपर्यंत संपलेली असेल.

आता डेटाबेस रडायला लागतो

या सूत्रात एक गोची आहे आणि ती कोड लिहिताना लक्षात येत नाही, चालवताना येते. स्कोअरमध्ये वय आहे, वय म्हणजे आत्ताची वेळ वजा पोस्टची वेळ, आणि आत्ताची वेळ सतत बदलते. म्हणजे कोणी काहीही केलं नाही तरी प्रत्येक पोस्टचा स्कोअर प्रत्येक सेकंदाला बदलतोय. असला स्कोअर कॉलममध्ये साठवून ठेवता येत नाही, साठवला त्या क्षणी शिळा. आणि ऑर्डर बायमध्ये थेट सूत्र लिहिलं तर इंडेक्स (ओळी पटकन शोधायला आधीच लावून ठेवलेली सूची) कामाला येत नाही, पोस्टग्रेस हा डेटाबेस तर ज्यात नाऊ (आत्ताची वेळ) आहे अशा एक्स्प्रेशनवर इंडेक्स बनवूच देत नाही. मग प्रत्येक पान उघडलं की डेटाबेस टेबलमधली प्रत्येक ओळ काढतो, तिचा घात करतो, सगळ्या लावतो आणि त्यातल्या वीस देतो. पाच हजार पोस्टींपर्यंत कळतही नाही. पाच लाख झाल्या की बरोबर कळतं.

यावर दोन मार्ग आहेत. एक, क्वेरीत आधी व्हेअर लावा, फक्त गेल्या दहा दिवसांतल्या पोस्टी, कारण त्याहून जुनी पोस्ट वर यायची शक्यता जवळजवळ नाहीच. तारखेवर इंडेक्स असतोच, मग घात करायला लाखांऐवजी शेकडो ओळी उरतात. दोन, दर दोन-पाच मिनिटांनी क्रॉन जॉबने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) पहिल्या पाचशे पोस्टींचे आयडी काढून कॅशेत (पटकन वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवायचे आणि पान तिथूनच द्यायचं. लिस्ट पाच मिनिटं जुनी आहे हे कोणाच्या बापाला कळत नाही. दोन्ही एकत्र केलं तर उत्तमच.

पण तिसराही मार्ग आहे आणि माझा आवडता तो, सूत्रच असं घ्यायचं ज्यात "आत्ता" नसेलच.

लाइक्सचे तास करा

लोक पोस्टी टाकतात आणि त्यांना वर-खाली मतं देतात अशा रेडिट या साइटने २००८ मध्ये आपला कोड खुला केला तेव्हा त्यांच्या "हॉट" लिस्टचं सूत्र सगळ्यांना दिसलं. थोडं सोपं करून लिहिते:

स्कोअर = लॉग१०(लाइक्स) + (पोस्टची वेळ सेकंदांत ÷ ४५०००)

इथे लाइक्स म्हणजे वर गेलेली मतं वजा खाली गेलेली. पोस्टची वेळ म्हणजे एका ठरलेल्या तारखेपासून मोजलेले सेकंद, त्यांनी ८ डिसेंबर २००५ धरली होती, तुम्ही कुठलीही धरा. बघा, यात आत्ताची वेळ कुठेच नाही. जुन्या पोस्टचा स्कोअर कमी होत नाही, नवी पोस्टच जन्मतः जास्त आकडा घेऊन येते. लिस्टमधला क्रम तोच, फक्त जुन्यांना खाली ढकलायच्या जागी नव्यांना वर चढवलं. त्यामुळे स्कोअर फक्त मत पडलं तेव्हाच बदलतो, बाकी वेळ कॉलममध्ये आरामात पडून राहतो, त्याच्यावर साधा इंडेक्स टाका, पहिली वीस पोस्टी काढायला काहीच वेळ लागत नाही.

आता तो ४५००० काय आहे ते नीट समजून घ्या, सगळी चावी तिथे आहे. ४५००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. लॉग१० मुळे १० लाइक्सना १ मिळतो, १०० ना २, १००० ना ३. म्हणजे दहा लाइक्सची किंमत साडेबारा तास, शंभरची पंचवीस तास, हजारची साडेसदतीस तास. दहा लाइकवाली नवी पोस्ट आणि साडेबारा तास आधीची शंभर लाइकवाली पोस्ट बरोबरीत. लाइक्सचं चलन तासांत बदलून घेतलं असं समजा. पहिले दहा लाइक जेवढे तास देतात तेवढेच तास पुढे मिळवायला आणखी नव्वद लागतात, त्यामुळे आधीच गाजलेली पोस्ट नुसत्या गर्दीच्या जोरावर बसून राहू शकत नाही.

वरच्याच तीन पोस्टी या हिशोबात टाकू. अ चे ५१ लाइक्स म्हणजे २१.३ तास, वजा वय १०, उरले ११.३. ब चे ६ लाइक्स म्हणजे ९.७ तास, वजा १, उरले ८.७. क चे ३०१ म्हणजे ३१ तास, वजा ४८, उरले उणे १७. क्रम अ, ब, क. हॅकर न्यूजवाल्या सूत्रात ब पहिली होती, इथे अ. आणि क किती मागे पडली बघा. हा स्वभावातला फरक आहे. घाताच्या सूत्रात पोस्ट सुरुवातीला धाडकन पडते आणि नंतर हळूहळू, ४८ तासांवरून ५७ वर जाताना क चा स्कोअर ०.२६ चा ०.१९५ झाला, म्हणजे पाव भागच गेला. लॉगच्या सूत्रात दर साडेबारा तासांनी किंमत दहावा हिस्सा होते, कायम, मग पोस्ट एक दिवसाची असो की महिन्याची. त्याच नऊ तासांत तिची किंमत पाचव्या हिश्श्यावर आली असती. अर्ध्यावर यायला किती लागतात हे काढलं तर पावणेचार तास, म्हणजे लाइक्स दुप्पट झाले की पोस्टला पावणेचार तासांचं जास्तीचं आयुष्य मिळतं.

मग तुमच्याकडे काय आकडा घालायचा? याला सूत्र नाही, हा तुमचा निर्णय आहे आणि तो शब्दांत बोलून घ्यायचा. मी टीमला एकच प्रश्न विचारते: दहा लाइक मिळालेली पोस्ट, एकच लाइक असलेल्या पोस्टींच्या वर किती वेळ राहिली पाहिजे? कोणी म्हणतं एक दिवस, कोणी म्हणतं दोन, वाद होतो, होऊ द्या. दोन दिवस ठरले तर भाजक १७२८००. संपलं. तुमच्याकडे दिवसाला वीसच पोस्टी येत असतील आणि चांगल्या पोस्टला जेमतेम तीन लाइक पडत असतील, तर रेडिटच्या ४५००० ने त्या तीन लाइक्सचे सहा तास होतात, सकाळची पोस्ट दुपारीच गेली. १७२८०० ने तेवीस तास होतात, दिवसभर टिकते. ग्रॅव्हिटी १.८ की १.६ यावर कोणाला मत देता येत नाही, पण दहा लाइक म्हणजे किती तास यावर अगदी कोडिंग न येणाऱ्या माणसालाही देता येतं, आणि म्हणूनच मला हे सूत्र बरं वाटतं.

शून्य लाइकचा लॉग निघत नाही हे विसरू नका, लाइक्स एकपेक्षा कमी असले तर एकच धरायचा. खाली मत द्यायची सोय असेल आणि बेरीज उणे जात असेल तर उणे चिन्ह बाजूला ठेवून लॉग काढायचा आणि मग चिन्ह त्या लॉगला लावायचं, फक्त लॉगला. रेडिटच्या जुन्या कोडमध्ये ते चिन्ह वेळेच्या भागाला लावलेलं होतं, त्यामुळे बेरीज उणे एक झाली की पोस्ट थोडी खाली सरकण्याऐवजी सगळ्या जगाच्या मागे फेकली जायची, म्हणजे पोस्ट आल्या आल्या एकाने खाली दाबलं की खेळ खलास. नंतर ते बदललं. तुम्ही जुना कुठला ब्लॉग बघून कॉपी मारत असाल तर ही ओळ तपासाच.

लाइक्स मोजायचे कसे

सूत्र कितीही भारी असलं तरी आत जाणारा आकडा कचरा असेल तर बाहेरही कचराच येणार. लाइक्सचं वेगळं टेबल हवं, त्यात युजरचा आयडी, पोस्टचा आयडी आणि वेळ, आणि पहिल्या दोन कॉलमवर मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम). ही युनिक की डेटाबेसमध्येच हवी. "कोडमध्ये आधी चेक करतो ना" हे चालत नाही, बटण दोनदा पटकन दाबलं की दोन रिक्वेस्ट एकदम येतात, दोघी चेक करतात, दोघींना लाइक दिसत नाही, दोघी टाकतात.

पोस्टच्या टेबलमध्ये लाइक्सचा आकडा वेगळा ठेवा, दर वेळी काउंट करत बसू नका. तो वाढवताना आधी वाचून, एक मिळवून परत लिहायचा नाही, थेट अपडेटमध्येच लाइक्स बरोबर लाइक्स अधिक एक असं लिहायचं, नाहीतर एकाच वेळी दोघांनी दाबलं की एक लाइक हवेत विरतो. लाइक टाकणं, आकडा वाढवणं आणि नवा स्कोअर लिहिणं, तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. लाइक काढून घेतला तरी तेच उलट. आणि रात्री एकदा एक छोटा जॉब चालवा जो टेबलमधून खरा काउंट काढून पोस्टवरच्या आकड्याशी जुळवतो, कधीतरी एखाद-दुसरा फरक सापडतोच.

कमेंट्स धरायच्या का हा प्रश्न सगळे विचारतात. धरा, पण जपून. एका कमेंटला दोन लाइक्सइतकं वजन दिलं तर लिस्टमध्ये वर कोण येतं? भांडणं. दोन माणसं एकमेकांना साठ उत्तरं देतात आणि ती पोस्ट दिवसभर पहिली. म्हणून कमेंटची संख्या धरण्यापेक्षा किती वेगवेगळ्या माणसांनी कमेंट केली ते धरा, काउंट डिस्टिंक्ट, तेही लाइकपेक्षा कमी वजनाने. व्ह्यूज मी धरतच नाही. वर असलेली पोस्ट जास्त दिसणारच, मग ते परत स्कोअरमध्ये घातलं की पहिल्या परिच्छेदातला चक्रव्यूह परत सुरू.

पोस्ट एडिट केली तर वेळ बदलायची नाही. मी एकदा चुकून अपडेटची वेळ सूत्रात घातली होती, क्रिएटची नाही, आणि दोन दिवसांत एका शहाण्याला पत्ता लागला, तो दर तासाला एक स्वल्पविराम टाकायचा आणि परत काढायचा. त्याची पोस्ट हलायलाच तयार नाही. बरेच दिवस मला वाटत होतं कॅशेचा घोळ आहे.

खड्डे

लॉग कुठला ते बघा. जावास्क्रिप्टमध्ये मॅथ डॉट लॉग, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये नुसता लॉग, हे सगळे नॅचरल लॉग देतात. पोस्टग्रेसमध्ये नुसता लॉग म्हणजे दहाचा. एक स्कोअर कोडमध्ये काढला आणि दुसरा डेटाबेसमध्ये काढला, नाव तेच लॉग, आणि एका ठिकाणी लाइक्सचं वजन २.३ पट. सरळ लॉग१० असं नाव घेऊन लिहा. किंवा त्याहून बरं, स्कोअर एकाच ठिकाणी काढा.

भागाकार. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये पूर्णांक भागिले पूर्णांक बरोबर पूर्णांक, दशांश गुपचूप कापला जातो. सेकंद आणि ४५००० दोन्ही पूर्णांक असतील तर साडेबारा तासांतल्या सगळ्या पोस्टींना वेळेचे मार्क सारखेच मिळतात. एरर येत नाही, लिस्ट दिसते, फक्त विचित्र दिसते. ४५०००.० लिहिलं की सुटतं.

स्कोअरच्या कॉलमचा टाइप डबल (आठ बाइटचा दशांश आकडा) ठेवा. चार बाइटच्या फ्लोटमध्ये सातेक अंकच नीट बसतात. १९७० पासूनचे सेकंद ४५००० ने भागले की अडतीस हजारांच्या आसपासचा आकडा येतो, तिथे फ्लोटची एक पायरी साधारण ०.००४, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं. तेवढ्या वेळात आलेल्या आणि सारखे लाइक्स असलेल्या पोस्टींचे स्कोअर अगदी सारखे निघू शकतात.

मिलिसेकंद. जावास्क्रिप्ट आत्ताची वेळ मिलिसेकंदांत देतं, बाकी बरेचजण सेकंदांत. तास काढायला ३६०० ने भागलं तर दोन तासांची पोस्ट दोन हजार तासांची होते. स्कोअर सगळे शून्याला चिकटलेले दिसले की आधी इथे बघा.

टाइमझोन. वेळ सगळीकडे यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) ठेवा. डेटाबेस एका झोनमध्ये आणि सर्व्हर दुसऱ्या असं झालं की नव्या पोस्टचं वय उणे येतं, दोन तासांहून जास्त उणे आलं तर हॅकर न्यूजच्या सूत्रात कंसातला आकडा उणे, आणि उणे आकड्याचा १.८ घात जावास्क्रिप्टमध्ये नॅन (म्हणजे "हा आकडाच नाही") देतो. सॉर्टच्या कंपेअर फंक्शनमध्ये नॅन घुसला की ती लिस्ट कुठल्याच क्रमात राहत नाही आणि आपण बसतो सूत्र तपासत. वय शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य धरा, एक मॅक्स लावायचाय फक्त.

जावास्क्रिप्टचाच आणखी एक, सॉर्टला कंपेअर फंक्शन दिलं नाही तर तो आकड्यांनाही अक्षरांसारखं लावतो, १० आधी आणि ९ नंतर. आणि सॉर्ट मूळ अ‍ॅरेच बदलतो, त्यामुळे "नवीन" टॅबवरची लिस्टही "गाजलेल्या"च्या क्रमाने दिसायला लागते. आधी कॉपी काढा, मग लावा.

पुढचं पान

पान एक वाचून होईपर्यंत कोणीतरी लाइक दिला, एकविसावी पोस्ट विसाव्यावर आली आणि विसावी एकविसाव्यावर गेली. आता ऑफसेट २० (म्हणजे पहिल्या वीस सोडून पुढच्या) लावून दुसरं पान काढलं की एक पोस्ट परत दिसते आणि एक कधीच दिसत नाही. ऑफसेट सोडा, शेवटच्या पोस्टचा स्कोअर आणि आयडी घेऊन त्याच्या खालच्या वीस मागा. आयडी बरोबर घ्यायचाच, स्कोअर सारखे असलेल्या पोस्टी असतात, आणि ऑर्डर बायमध्येही स्कोअरनंतर आयडी लिहायचा. यानेही मधल्या वेळात वर-खाली झालेली एखादी पोस्ट सुटू शकते. अजिबात सुटायला नको असेल तर माणूस आला तेव्हाचे पहिले दोनशे आयडी त्याच्या नावाने कॅशेत टाकून ठेवा आणि पुढची पानं त्यातूनच द्या, दोनशे आकडे म्हणजे काहीच नाही. रेडिस (मेमरीत चालणारा झटपट डेटाबेस) असेल तर मुख्य लिस्टलाही त्याचा सॉर्टेड सेट मस्त चालतो, मत पडलं की नवा स्कोअर टाका, वरच्या वीस मागा, त्याला क्रम लावूनच ठेवायची सवय आहे.

कमेंट्सना हे सूत्र नको

पोस्टच्या खालच्या कमेंट्स लावताना लोक तेच सूत्र डकवतात आणि मग चांगलं पण उशिरा आलेलं उत्तर आणि लवकर आलेला फालतू जोक यांची गल्लत होते. तिथे ताजेपणाचा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो कुठल्या कमेंटवर भरवसा ठेवायचा. एक जण आवडली म्हणाला आणि नावडली कोणीच नाही, म्हणजे १०० टक्के. दुसरी ४० जणांना आवडली, ५ जणांना नावडली, ८९ टक्के. टक्क्यांनी लावलं तर एक मतवाली वर.

यावर विल्सन इंटरव्हलची खालची बाजू वापरतात. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे, आणि २००९ मध्ये रेडिटने कमेंट्सच्या "बेस्ट" क्रमासाठी ती घेतली. मागचा विचार इतकाच की एवढ्या मतांवरून खरी पसंती कमीत कमी किती असेल असं ९५ टक्के खात्रीच्या हिशोबात म्हणता येईल, ते काढा आणि त्यावर लावा. १ पैकी १ ला मिळतात ०.२१. १० पैकी १० ला ०.७२. आणि ४५ पैकी ४० ला ०.७७. क्रम एकदम मनासारखा. सूत्र लांबलचक आहे पण कुठल्याही भाषेत तयार सापडतं, आणि त्यात वेळ नसल्यामुळे हाही आकडा साठवून ठेवता येतो.

लावायच्या आधी

नवा क्रम थेट लाइव्ह करू नका. खऱ्या डेटावर जुनी लिस्ट आणि नवी लिस्ट शेजारी शेजारी काढा, पहिल्या वीस-वीस, आणि डोळ्यांनी वाचा. मग तेच गेल्या मंगळवारी सकाळी नऊला काय दिसलं असतं, रविवारी रात्री काय दिसलं असतं असं मागे जाऊन बघा. लाइक्सच्या टेबलमध्ये वेळ ठेवायला सांगितली ती यासाठीच, त्या क्षणापर्यंतचे लाइक्स मोजता येतात. रात्री कोणीच पोस्ट टाकत नसेल तर पहाटेची लिस्ट कशी दिसते ते खास बघा.

आणि शून्य लाइकवाल्या नव्या पोस्टचं काय? ती कोणाला दिसलीच नाही तर लाइक येणार कुठून? मी पहिल्या पानावर दोन जागा राखून ठेवते, सातवी आणि चौदावी, तिथे गेल्या तीन तासांतल्या कमी दिसलेल्या पोस्टींमधून कुठलीही एक येते, प्रत्येकाला वेगळी. शिवाय "नवीन" टॅब नुसत्या तारखेच्या क्रमाने कायम ठेवायचा, काही लोक फक्त तिथेच राहतात आणि पहिला लाइक बहुतेक वेळा तेच देतात.

भाजक नंतर बदलावासा वाटणारच, तेव्हा तो कोडमध्ये चार ठिकाणी न लिहिता कॉन्फिगमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. पण नुसता कॉन्फिग बदलून चालत नाही, साठवलेले सगळे स्कोअर जुन्या भाजकाचे आहेत, ज्या पोस्टला मत पडेल तिचाच नवा होईल आणि लिस्टमध्ये दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्यांचे आकडे मिसळतील. त्यात भाजक मोठा केला असेल तर नवे आकडे आणखी लहान, म्हणजे ज्याला लाइक मिळाला तोच तळाला. म्हणून दुसरा कॉलम बनवा, मत पडलं की दोन्ही कॉलम लिहा, जुन्या ओळी हजार-हजारच्या तुकड्यांत भरून घ्या, इंडेक्स टाका, आणि मग क्वेरीत कॉलमचं नाव बदला. जुना कॉलम आठवडाभर तसाच राहू द्या, परत फिरायची वेळ आली तर एका ओळीत फिरता येतं.